उठणारा ब्राह्मण

दादाला लघवीचा त्रास आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. काशीतल्या दूधविनायकच्या आमच्या घरात मोरी जिन्याखाली आहे. तिचं दार फुगलेलं, नीट लागत नाही, त्यामुळे आत गेलेल्या माणसाला किती वेळ लागतोय ते बाहेर सगळ्यांना कळतं. दादा आत जायचा आणि बराच वेळ काहीच व्हायचं नाही. मग चार थेंब, आणि पुन्हा शांतता. वहिनी अशा वेळी मुद्दाम भांडी वाजवायची, म्हणजे आपण ऐकतोय असं त्याला वाटू नये. तो बाहेर यायचा, हातपाय धुवायचा, कानावरचं जानवं उतरवायचा, आणि ओसरीवर टेकतो न टेकतो तोच पुन्हा उठायचा.

दादा तेव्हा साठीला आला होता. मी पन्नाशीच्या अलीकडे, रेल्वेच्या ऑफिसात कारकून. वडिलांचं काम त्याने चालवलं, मी पँट घालून सुटलो. काशीत श्राद्ध करायला महाराष्ट्रातून लोक येतात. त्यांना मंत्र सांगणारे लागतात, तसे जेवायला बसणारे ब्राह्मणही लागतात. दादा जेवायला बसायचा. ऑफिसात मला विचारायचे, "आपके भाईसाहब खाने की नौकरी करते हैं?" मी त्यांच्याबरोबर हसायचो. हसायला नको होतं.

कारण ते सोपं काम नाही. पितरांच्या जागी बसलेला ब्राह्मण तेवढ्या वेळापुरता त्या घरचा मेलेला बाप असतो. मुलगा त्याचे पाय धुतो, त्याच्यापुढे पत्रावळ मांडतो, तिच्याभोवती भस्माची रेघ ओढतो. एकदा जेवणाआधीचं आपोशनाचं पाणी घेतलं की जेवण संपून हातावर शेवटचं पाणी पडेपर्यंत त्या ब्राह्मणाने उठायचं नाही, बोलायचंही नाही. तो मध्येच उठला तर बाप उपाशी उठून गेला असं आमच्यात मानतात.

आदल्या वर्षीच्या पितृपक्षात दादा उठला होता. रामघाटावरच्या एका धर्मशाळेत साताऱ्याकडचे कोणी यजमान होते, चांगले वयस्क. दादा वडे-खीर अर्धी टाकून उठला तेव्हा ते गृहस्थ रडायला लागले. "काय चुकलं हो आमचं?" असं ज्याला-त्याला विचारत राहिले. दादा हातपाय धुऊन परत आला तोवर त्याच्या जागेवर दुसरा ब्राह्मण बसवला होता. बसवणारे होते काका. हे आमचे सख्खे काका नव्हेत. सगळी गल्ली त्यांना काका म्हणते. कोणत्या यजमानाकडे कोणता ब्राह्मण जाईल हे तेच ठरवतात. त्यांनी घाटावर चारचौघांत दादाला सुनावलं, "अरे, लहान पोराला पानावर बसवायच्या आधी आई म्हणते, जाऊन ये. तुला आता या वयात आई कुठून आणू?" लोक हसले. दादाही हसला, असं मला सांगणाऱ्याने सांगितलं. त्यानंतर वर्षभर काकांनी त्याला कुठेही बसवलं नाही.

शेवटी वहिनी माझ्याकडे आली. "भावजी, यांना तुम्ही डॉक्टरकडे न्या. माझं ऐकत नाहीत. तुमच्यावर ओरडतील, पण येतील."

तो ओरडला आणि आला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्याला कुशीवर वळवून तपासलं, बोट घालून, जसं तपासतात तसं. घरी परतताना दादा थेट घाटावर उतरला आणि अंगावरच्या कपड्यांसकट गंगेत बुडी मारून वर आला. मला म्हणाला, "मेल्यावरसुद्धा कोणी माणसाला असं करत नाही रे." मला हसू आलं, आणि त्याचा चेहरा पाहून ते गिळलं.

डॉक्टरांचं सांगणं साधं होतं. "पंडितजी, कैंसर नहीं है. गाँठ बढ़ गई है, उम्र की चीज़ है. रास्ता दब गया है." एक लहानशी गोळी लिहून दिली. रोज झोपताना घ्यायची, सुरुवात अर्धीने, मग पूर्ण. घेतल्यावर एकदम उठायचं नाही, चक्कर येते. लघवी धरून ठेवायची नाही. मनाने गोळी बंद करायची नाही, आणि दुसरं कोणतंही औषध त्यांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. दादाने विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, "चलती रहेगी." रिक्षात बसल्यावर दादा फणकारला, "चलती रहेगी म्हणजे काय? दवाई आहे का गंगा आहे?"

पण गोळी लागू पडली. श्रावण आला तोवर वहिनीचं भांडी वाजवणं बंद झालं होतं. दादा सकाळी पुन्हा मोकळ्या आवाजात स्तोत्रं म्हणू लागला. एक दिवस भाजी घ्यायला बरोबर निघालो होतो, तर चालता चालता माझं मनगट धरून हळूच म्हणाला, "अरे, काल धार लागली." साठीचा माणूस, आणि तोंडावर असा आनंद की जणू परीक्षेत पास झाला. मी म्हणालो, "छान." मी एवढंच म्हणालो, कारण असल्या गोष्टीवर भावाशी काय बोलतात ते मला येत नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितोय. पुढे माझा एवढा संताप झाला तो यामुळे. तो बरा झालेला मी पाहिला होता.

भाद्रपद लागला तसा तो काकांकडे गेला. सांगितलं, आता मी बरा आहे, डॉक्टरची दवाई चालू आहे. काका म्हणाले, "दवाई खाऊन बापाच्या जागी बसणार? बरं. एक पान देतो. उठलास तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

आणि मग माझ्या शहाण्या भावाने विचार केला. ही गोळी काय करते? रस्ता उघडते. पानावर बसल्यावर रस्ता उघडा कशाला हवा? तेव्हा त्याने ती गोळी बंद केली. शिवाय पहाटे गंगेत बुडी मारून त्याला नेहमी सर्दी व्हायची, आणि सर्दीची गोळी घेतली की त्या दिवशी लघवीला जावं लागत नाही हे त्याच्या कधीतरी लक्षात आलं होतं. त्याला वाटलं, देवानेच ही युक्ती दाखवली. उघडणारी गोळी बंद, बंद करणारी गोळी चालू. आदल्या दिवसापासून पाणीही सोडलं. हे त्याने मला सांगितलं नाही, वहिनीलाही सांगितलं नाही. मेडिकलच्या दुकानात स्वतः जाऊन गोळ्या आणल्या.

त्याला दिलेलं पान नाशिकच्या यजमानाचं होतं, तरुण मुलगा, वडील आदल्या वर्षी गेलेले. दादा बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. घरी आला तो ताठ मानेने. मी ऑफिसातून आलो तेव्हा ओसरीवर बसून म्हणाला, "विचार काकांना. मांडी मोडली नाही." मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

सकाळी वहिनी माझ्या दारात उभी. "भावजी, यांचं पोट बघा." दादा भिंतीला धरून वाकून उभा होता. बेंबीखाली पोट माठासारखं टणक झालं होतं. आदल्या दुपारपासून एक थेंब नव्हता. तो नुसता घामाने भिजत होता. गल्लीत वाहन येत नाही, म्हणून खुर्चीवर बसवून आम्ही दोघा-तिघांनी त्याला मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून नेलं. पुढे सायकलरिक्षा. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्याच्या तोंडून निघत होता. "हळू रे, हळू सांग त्याला." लोक वळून बघत होते. सदैव सोवळ्यात वावरणारा माझा भाऊ, धोतर सुटलेलं, आणि मी एका हाताने ते धरून बसलेलो.

नळी घातली तेव्हा पिशवी भरायला लागली आणि भरतच राहिली. डॉक्टर मला म्हणाले, दादाला नाही, मलाच, "इतना रोककर बैठे थे? गुर्दे जाते इनके. आप पढ़े-लिखे आदमी हैं, घर में क्या देखते हैं?" मग त्यांनी विचारलं, काही घेतलं होतं का? दादा छताकडे बघत राहिला. वहिनीने त्याच्या धोतराच्या कनवटीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि डोक्याला हात लावला. असल्या सर्दीच्या गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं. प्रोस्टेटची ग्रंथी वाढलेल्या माणसाला त्या पूर्ण बंद पाडू शकतात.

डॉक्टर गेल्यावर मी दादाला विचारलं, "आपली गोळी का सोडलीस?"

"श्राद्धाला औषध वर्ज्य असतं."

"आणि ही सर्दीची गोळी? ही काय प्रसाद होती?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस, मराठी न कळताही, माझ्या आवाजाने उठून बसला. मी थांबलो नाही. त्याला मूर्ख म्हणालो, ढोंगी म्हणालो. बाबा असते तर कानफटात मारली असती म्हणालो. वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती. दादा एवढंच म्हणाला, "अरे, पण मी उठलो नाही ना."

दुसऱ्या दिवशी काका आले, हातात केळी. खाटेखाली पिशवी लटकत होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. "शाब्बास रे पठ्ठ्या!" म्हणाले. "नाशिकचा पोरगा माझ्या पाया पडून गेला. म्हणाला, साक्षात वडील बसले होते. मी सगळ्यांना सांगतोय, ब्राह्मण असावा तर असा."

दादाने झोपल्या झोपल्या हात जोडले. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोच आनंद होता. "धार लागली" म्हणाला होता तेव्हा होता, तसाच. त्या क्षणी मला काकांचा जेवढा राग आला त्याहून जास्त त्याचा आला.

मी म्हणालो, "काका, जरा खाली वाकून बघा काय लटकलंय ते."

"शरीर आहे, चालायचंच. तू ऑफिसातला माणूस, तुला नाही कळायचं." मग माझ्याकडे पाठ करून दादाला म्हणाले, "सर्वपित्रीला एक मोठं घर आहे. इंदूरची मंडळी. तोवर नळी निघेल ना तुझी?"

दादा म्हणाला, "निघेल काका."

तेव्हा मला कळलं की हे पुन्हा होणार. नळी निघेल, दादा बसेल, पुन्हा पाणी सोडेल, पुन्हा काहीतरी गिळेल, आणि या खेपेला मूत्रपिंडं जातील. मी त्याला समजावलं. वहिनीने आपल्या गळ्याची शपथ घातली. तो हो म्हणायचा, आणि पुढच्या वाक्यात विचारायचा, आज तिथी कोणती?

त्याच पंधरवड्यात आमच्या बाबांची तिथी होती. दादा नळीसकट घरी आला होता, सोवळं त्याला शक्य नव्हतं. म्हणून त्या वर्षी श्राद्ध मी केलं. मला मंत्र येत नाहीत. दादा आतल्या खोलीत पडून मोठ्याने सांगायचा आणि मी बाहेर म्हणायचो. आवाजाला काही सोवळं लागत नाही. देवांच्या जागी बसणाऱ्या ब्राह्मणाऐवजी नुसता दर्भ ठेवला. बाबांच्या जागी बसायला काकांनी एक म्हातारे ब्राह्मण पाठवले होते. दादाहून वयाने मोठे, बारीक, थरथरत्या मानेचे.

पाय धुताना मी वर पाहिलं तर त्यांचे ओठ वाळून भेगाळले होते. ते ओठ मला ओळखता आले. हाही पाणी सोडून आलाय.

आपोशन झालं. ते जेवू लागले. खीर अर्धी झाली असेल, तर त्यांचा डावा हात मांडीवर आवळला गेला. गुडघा हलायला लागला. घास हातात, पण तोंडाकडे जाईना. कपाळावर घाम. मी समोर पळी घेऊन उभा होतो आणि मला दिसत होतं, सगळं दिसत होतं.

मी म्हणालो, "गुरुजी, उठायचं असेल तर उठा."

त्यांनी मान हलवली. नाही.

"मी यजमान आहे, मी सांगतोय. माझ्या बापाला मी ओळखतो. तो थांबेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने जमीन धरून, भस्माची रेघ ओलांडून, ते उठले. वहिनी वड्यांचं ताट घेऊन दारातच थिजली. आतून दादाचा आवाज आला, "काय झालं? कोण उठलं? अरे, कोण उठलं?" मी गुरुजींना हात धरून मोरीपर्यंत नेलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या पायांवर पाणी घातलं, नवी पत्रावळ मांडली, पुन्हा सगळं वाढलं. आत दादा ओरडत होता, "बाबांना उपाशी उठवलंस! वर्षभर उपाशी राहतील ते!" आणि ते म्हातारे खाली मान घालून सावकाश जेवत होते. पोटभर जेवले. निघताना उंबऱ्याशी थांबून मला म्हणाले, "यजमान, हे बाहेर कुठे बोलू नका."

मी म्हणालो, "नाही बोलणार."

आणि दुसऱ्या दिवशी घाटावर मी बोललो. काका छत्रीखाली बसले होते, आजूबाजूला त्यांचे ब्राह्मण, दोन-तीन यजमान. इंदूरचं पान दादाचं, असं ते कोणालातरी सांगत होते. माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "काका, काल आमच्या घरी ब्राह्मण उठला. मी उठवला. परत आला, जेवला, आणि आमचे बाबा तृप्त होऊन गेले. आमच्या घरात ब्राह्मण उठतात, आणि उठतील. दादाही उठेल. ज्याला चालत नसेल त्याने आमच्याकडे येऊ नये."

काका पानाची पिंक टाकून म्हणाले, "म्हणजे दोघांची पानं वाचली माझी."

दोघांची. तो शब्द ऐकून मला कळलं मी काय केलं. दादाचं पान जावं एवढंच मला हवं होतं. हवं होतं, हे मी नाकारत नाही. रागाच्या भरात बोललो, पण काय होईल ते मला माहीत होतं. त्या म्हाताऱ्यांचा विचार मात्र मनात आलाच नाही. त्यांच्या घरी मी संध्याकाळी गेलो. सून दारात आली, म्हणाली, "घर पे नहीं हैं." आत कोणी खोकत होतं.

सर्वपित्रीच्या आधी दादाची नळी निघाली. डॉक्टरांनी गोळी पुन्हा अर्धीपासून चालू केली होती आणि लघवी आपली आपण होऊ लागली. मी सुटी काढून त्याला हॉस्पिटलातून परत आणलं. अमावस्येच्या दुपारी गल्लीतून धूतवस्त्रं नेसलेले ब्राह्मण रामघाटाकडे जात होते. दादा ओसरीवर बसून त्यांच्याकडे बघत होता. त्याच्याशी कोणी बोललं नाही, आणि बाबांच्या तिथीपासून तो माझ्याशी बोलला नव्हता.

वहिनी गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात देऊन आत गेली, रात्री तुम्हीच आठवणीने द्या म्हणून. मी ते त्याच्यासमोर ठेवलं तेव्हा तो बोलला. आवाज चढवून नाही.

"माझं पान घालवलंस, त्याचं काही नाही. मी तुझा भाऊ आहे. त्यांचं का घालवलंस?"

काका, ते हसणारे लोक, नाशिकचा पोरगा, इंदूरची मंडळी, सगळ्यांवर ओरडायला माझ्याकडे शब्द होते. या प्रश्नाला नव्हते. तरी राग गेला नव्हता.

मी म्हणालो, "तू गोळी घेत जा."

"घेईन," दादा म्हणाला. "आता न घेऊन काय करू?"